लाल गाडीच्या डाव्या सीटची व्यवस्था

मी, वाल्मीक देवराम बोरस्ते, वय वर्षे ६६, अंबडच्या कारखान्यातील निवृत्त टूलरूम फोरमन, राहणार उत्तमनगर, सिडको, नाशिक, आज शुक्रवार दि. २५ फेब्रुवारी २००५ रोजी हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड हृदयात असून ते बुधवारी उघडणार आहेत. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पत्नी सौ. मोहिनी शेजारच्या खोलीत हरभऱ्याचे घाटे सोलत बसली आहे, ते दडपण धरू नये.

१. राहते घर मोहिनीला. तिच्यामागे मुलगा अमित व मुलगी स्नेहल यांना निम्मे निम्मे. गच्चीवरच्या टाकीचा कॉक फक्त मलाच बंद करता येतो. तो कसा करायचा, ते टाकीमागच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहे.

२. बँकेतल्या ठेवी सगळ्या मोहिनीला. यावर अमितने पुण्याहून फोन करून चर्चा करू नये.

३. लाल गाडी. ही दोन माणसांची विलायती स्पोर्ट्स कार मी १९९२ साली देवळाली कॅम्पातल्या एका वृद्ध पारशी बाईंच्या गॅरेजमधून ट्रॅक्टरला बांधून आणली. तिच्या सीटांवर बाईंच्या कोंबड्या अंडी उबवत. मेहुणा राजू दारातच म्हणाला, "दाजी, ह्याचे पैसे त्यांनी तुम्हांला दिले, का तुम्ही त्यांना?" मी त्याच्याकडे दुर्लक्ष केले आणि मोहिनीला सांगितले, "सीटा झाल्या की पहिली तुला त्र्यंबकला नेतो."

इंजिन मी दोन वर्षांत चालू केले. सीटा उतरवून अंबड नाक्यावरच्या केरू सोमा भोये याच्याकडे दिल्या. केरू पेठ तालुक्याकडचा. मजुरीला आला आणि रिक्षांच्या गाद्या शिवता शिवता इथलाच झाला. माणूस सचोटीचा, हीच अडचण. त्याने फोम आणि काथ्या इतका सढळ हाताने भरला की १९९४ साली मी उजवी सीट बसवून, चारही बोल्ट आवळून आत बसलो, तेव्हा डोके टपाला टेकले आणि गुडघे स्टिअरिंगला. केरूने गाडीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, "सीट बरोबर हाय साहेब. गाडीच बुटकी हाय." तेव्हापासून मी टप काढून, एकटाच, कॉलनीत चक्कर मारतो. पावसाळ्यात तेही नाही.

डावी सीट पुढच्या रविवारी बसवायची होती. शनिवारी मोहिनीच्या पाठीतली चकती सरकली. तिला खुर्ची चालेना, सोफा चालेना, पाटाचे तर नावच नको. हॉलमध्ये पडलेल्या त्या सीटवर ती टेकली आणि बारा दिवसांत पहिल्यांदा म्हणाली, "हं, बरं वाटतंय." केरूने सीटखाली सागवानी चौकट ठोकून दिली. तेव्हापासून अकरा वर्षे डावी सीट टीव्हीसमोर आहे. तिच्यावर मोहिनी पाहुण्यांना बसू देत नाही. मलाही नाही.

४. अमितला मुंबईचे एक गिऱ्हाईक भेटले आहे. त्याला गाडी दोन्ही मूळ सीटा बसवलेलीच हवी. अमित म्हणतो, "बाबा, आईला मी नवीन आरामखुर्ची घेऊन देतो." पोराचा हिशेब पहिल्यापासून चांगला. सबब, गाडी अमितला देतो आणि डावी सीट मोहिनीला, कायमची, पूर्ण मालकी हक्काने. तिचा एकही बोल्ट अमितने काढू नये. विकायची असेल तर एका सीटची गाडी विकावी. हे मी रागाने लिहिलेले नाही. थोडे रागानेच लिहिले आहे.

५. इंची पान्यांचा संच केरूला. ते पाने आजकालच्या कुठल्याच गाडीला लागत नाहीत, त्यामुळे त्याला माझी आठवण ठेवावी लागेल. जुन्या सीटांमधून निघालेला काथ्या, कोंबड्यांच्या पिसांसह, पोत्यात बांधून माळ्यावर आहे, तो राजूला. गेली बारा वर्षे दर भाऊबीजेला "दाजी, सीटा बसल्या का?" असे विचारल्याबद्दल. माझ्या दशक्रियेला रामकुंडावर त्याला भाषण करू देऊ नये.

६. (शनिवार, दि. २६.) ठेवींचे नंबर मोहिनीच्या ट्रंकेत असल्यामुळे तिला वरील मजकूर वाचून दाखवावा लागला. चौथ्या कलमापर्यंत ती ठेवींच्या पावत्या लावत ऐकत होती. मग म्हणाली, "अहो, सीट माझ्या नावावर केलीत, चांगलं केलंत. त्र्यंबकला नेणार होतात, ते कुठल्या कलमात आहे?"

मी कागद उलटेपालटे केले. ते कुठल्याच कलमात नव्हते.

मी म्हणालो, "तुझी पाठ?"

"पाठ माझी आहे. मी बघीन."

"डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केलीय."

"तुम्हांला केलीय. मला कुठं केलीय?" आणि तिने त्याच ट्रंकेतून स्वतःचे लायसन काढून माझ्यापुढे ठेवले. चार वर्षांपूर्वी स्नेहलच्या गाडीवर शिकली म्हणे. मी माझ्या गाडीला कोणाला हात लावू देत नाही, म्हणून मला सांगितले नाही. बाकी सगळ्यांना माहीत होते, राजूलासुद्धा.

मला लाज वाटली. बुधवारची मला फार भीती वाटते आहे, हेही मी तिला तेव्हाच सांगून टाकले. ती म्हणाली, "माहितीय. रात्रभर कूस बदलता."

७. (रविवार, दि. २७.) सकाळी सातला केरू आला. त्याने चौकटीचे बोल्ट काढले, सीट उचलून गाडीत ठेवली, रुळावर सरकवून पाहिली आणि बसवली. अकरा वर्षे राहिलेले काम चाळीस मिनिटांत झाले. मग उजवी सीट पुढे ओढून मोहिनी बसली. तिची उंची पाच फूट. तिचे डोके टपाला लागेना, गुडघे कशालाच लागेनात. केरू माझ्याकडे बघून म्हणाला, "घ्या साहेब. गाडीबी बरोबर हाय."

मी डाव्या सीटवर बसलो. अकरा वर्षांत तिथे मोहिनीच्या मापाचा खळगा पडला आहे. मला तो पुरत नाही, पण उठावेसे वाटले नाही.

आता अंजनेरी फाट्यावर कुसाबाईंच्या चहाच्या टपरीपाशी थांबलो आहोत. बोल्ट सुटले तर असावा म्हणून केरू लुनावर मागून आला आहे. साक्षीदार हवेतच, म्हणून हे काम इथेच उरकतो. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले होते. ते केरूला सांगितले. तो म्हणाला, "मग लिवू नका मला काय. पाने तसेबी माझ्याकडंच हायेत, अठ्ठ्याण्णवपासून." सबब, कलम ५ मधील पाने रद्द. काथ्या कायम.

८. कलम ४ सुद्धा रद्द समजावे. मी ते खोडलेले नाही, कारण खाडाखोड दिसली की कोर्ट शंका घेते. मुंबईच्या गिऱ्हाइकाला अमितने नमस्कार सांगावा.

"सही परत येताना करा ना," असे मोहिनी म्हणत होती. मी ऐकले नाही. तेव्हा तिने बजावले की हॉस्पिटलमधून मला घरी आणायला ती हीच गाडी घेऊन येणार आहे आणि तोवर सीटांना कोणी हात लावायचा नाही. म्हणून लाल गाडी उजव्या सीटसह मोहिनीला देतो. डावी सीट मी तूर्त कोणालाही देत नाही.

(सही) वाल्मीक देवराम बोरस्ते

आम्ही दोघांनी त्यांना सही करताना पाहिले व त्यांच्यासमोर आमची निशाणी केली:

१. (सही) केरू सोमा भोये, अंबड नाका, नाशिक
२. (डाव्या हाताचा अंगठा) कुसाबाई गेणू चव्हाण, अंजनेरी फाटा

ठिकाण: त्र्यंबक रस्ता, गाडीत
दिनांक: २७ फेब्रुवारी २००५