चौथ्या घराची गोळी

मंगळवार, ६ मे

शेजारच्या डेल्मारनं पुन्हा पाणी तोडलं! सोमवार ते गुरुवार पाळी माझी. त्याच्या बापाच्या आणि माझ्या बापाच्या वेळेपासून तसंच चालत आलंय. सकाळी पाटावर जाऊन बघतो तर माझ्या शेताकडच्या दाराला पाणी अडवायच्या फळ्या घातलेल्या आणि त्याच्या काढलेल्या. माझा अल्फाल्फाचा चारा तहानलेला, त्याच्या कुरणात चिखल. फळ्या फिरवून आलो. पुढच्या वेळी त्याच फळ्या त्याच्या डोक्यात घालीन.

आर्डिस म्हणते, जाऊन नीट बोल. वीस वर्षं नीटच बोलतोय. बायकोला काय जातंय सांगायला!

बुधवार, ७ मे

दिवसभर शेडमध्ये. डोकं फिरलं की मी शिसं वितळवतो, दारूपेक्षा बरं. टायरवाल्याकडची चाकांना लावायची जुनी शिशाची वजनं भांड्यात, वर मेणाचा तुकडा. धूर झाला, काळी साय आली, ती काढली. बापाचा पिस्तुलाच्या गोळ्यांचा सहा घरांचा साचा. शिसं ओतायचं, थिजलं की वरची पट्टी दांडक्यानं हाणून बाजूला सारायची, साचा उघडायचा, सहा गोळ्या फडक्यावर. साचा गार असला तर गोळीला सुरकुत्या, फार तापला तर दुधाळ. दहा वाजेपर्यंत हात बसला.

चौथं घर मात्र तसंच. नऊ वर्षांचा असताना हा साचा माझ्या हातून फरशीवर पडला आणि चौथ्या घराला आतून खोक पडली. बापानं त्याच दांडक्यानं माझी बोटं फोडली. तेव्हापासून चौथ्या घरातल्या प्रत्येक गोळीच्या अंगावरच्या खाचेत टाचणीच्या डोक्याएवढा फोड येतो. बाप ती गोळी परत भांड्यात टाकायचा. मी लाल डब्यात टाकतो. त्या माझ्या. माझ्या पिस्तुलाला फोड चालतो. लोकांना द्यायच्या त्या गुळगुळीत. आर्डिस चष्मा लावून एकेक निवडते, तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

डेल्मारलाही द्यायचो. गेल्या हिवाळ्यापर्यंत कॉफीचा डबा भरून. दोघांचंही पिस्तूल चव्वेचाळीस बोअरचं. तो एल्क हरणाचं सॉसेज पाठवायचा. त्याच्या डब्यात फोडाची गोळी कधी गेली नाही, एकही नाही. आणि हा माझं पाणी पळवतो!

गुरुवार, ८ मे

आज परत तेच. माझ्या फळ्या घातलेल्या. तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच शेडमध्ये आलो, पोर्चमधली वजनांची बादली उचलली आणि मूठभर भांड्यात फेकली. बादली काल पावसात भिजलेली! पन्नास वर्षांत ही चूक कधी केली नव्हती. पाण्याचा एक थेंब शिशाखाली गेला की संपलं. भांडं फुटल्यासारखा आवाज झाला, शिसं छताला, खिडकीला, माझ्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत. चामडीत बसलेलं शिसं आर्डिसनं चिमट्यानं काढलं, सोबत चामडीही आली. मी ओरडलो नाही. जिप मात्र दाराबाहेर केकाटत होता. वेडं कुत्रं. मग रात्रभर माझ्या खाटेला पाठ लावून झोपला. अकरा वर्षं झाली, अजून माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. गाई हाकताना नुसतं बोट दाखवलं तरी पुरतं त्याला.

हा हातही डेल्मारच्याच खात्यावर.

शुक्रवार, ९ मे

हात ठणकतोय. गाय व्यायली. तिन्हीसांजेला पाटाच्या वरच्या काट्यांत कोल्हा दिसला, गाईच्या वारेच्या वासावर आलेला. गारा पडत होत्या. डाव्या हातानं पिस्तुलातून दोन गोळ्या झाडल्या. दुसरी लागली, कळवळला. बाप म्हणायचा, जखमी जनावर शोधल्याशिवाय घरात यायचं नाही. पण तो हात, त्या गारा. काट्यात मरेल आपला.

जिपला शिट्या मारून थकलो. डेल्मारच्या कुत्रीपाशी गेला असणार, बेशरम.

शनिवार, १० मे

जिप मेला. पाटाच्या दारापाशी, डेल्मारच्या कुंपणाला लागून. पोटात गोळी. पुरून आलो. आता डेल्मारकडे जातोय.

मंगळवार, १३ मे

काल जामिनावर सुटलो. एकदा सगळं लिहून काढतो.

फावडं जिपच्या खड्ड्याचंच होतं, हातातच राहिलं होतं. डेल्मार गोठ्यापाशी दूध पाजत होता वासराला. मी काही विचारलंच नाही. पहिला फटका खांद्यावर. तो बादलीसकट पडला. मग म्हणाला, "ऑर्व्हल, मी नाही मारलं त्याला." मी दुसरा हाणला. तो हात वर करून म्हणाला, "काल दोन बार ऐकले मी. तुझ्याच बाजूनं आले."

माझ्याच बाजूनं! माझं पाणी घ्यायचं, माझं कुत्रं मारायचं आणि वर मलाच सांगायचं! तिथून पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. फावडं मोडलं. मग दांडा. मग बूट. माझ्या हाताची पट्टी सुटून फोड फुटले होते, रक्त त्याचं किती आणि माझं किती कळत नव्हतं. त्याचा एक डोळा जागेवर नव्हता. नोला, त्याची बायको, स्वयंपाकघरातून धावत आली आणि माझ्या पाठीवर बसून केस उपटायला लागली तेव्हा मी थांबलो. वासरू सांडलेलं दूध चाटत होतं.

हेलिकॉप्टरनं आयडाहो फॉल्सच्या इस्पितळात नेलं त्याला. शुद्धीवर नाही.

वाईट वाटतंय का? नाही वाटत. जिप रात्रभर गारांत पोट धरून पडला असेल. डेल्मार निदान गादीवर आहे.

बुधवार, १४ मे

ट्रेंट आला होता. शेरीफचा डेप्युटी, माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातला. म्हणाला, डेल्मारनं कुत्रं मारलं याला पुरावा काय? तुझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? गोळी असेल तर दे, त्याच्या पिस्तुलाशी ताडून बघतो. कोर्टात थोडा तरी उपयोग होईल. वकीलही तेच म्हणतो. सोमवारी परत येतो म्हणाला.

म्हणजे जिपला उकरायचा. नाही होणार माझ्याच्यानं.

शनिवार, १७ मे

उकरला.

त्याचं काय झालंय ते लिहीत नाही. हरीण फाडायचा सुरा घेतला. आजवर हजारो जनावरं फाडली असतील, आपलं कुत्रं कधी नाही. गोळी पाठीच्या मणक्यात सापडली. शिशाची! विकतची तांब्याची टोपी घातलेली नाही — शिशाची, चव्वेचाळीसची, घरी ओतलेली. या खोऱ्यात घरी गोळ्या ओततो कोण? मी! म्हणजे मी दिलेल्या डब्यातली. माझं शिसं, माझा साचा, आर्डिसनं एकेक निवडलेली गोळी. माझ्याच हातचं माझ्याच कुत्र्याच्या पोटात घातलं त्यानं!

फडक्यात गुंडाळून आणली. धुतली नाही. रक्तासकट ट्रेंटला देणार, बघू दे त्याला.

आता खरं सांगतो. त्या दिवशी नोला मधे आली नसती तर बरं झालं असतं.

रविवार, १८ मे

दुपारी फोन आला. डेल्मार गेला.

आर्डिस चर्चहून येऊन कोट न काढताच बसून राहिली. मग म्हणाली, नोलाकडे काहीतरी रांधून न्यायला हवं, आणि आपल्याला तर तेही करता येणार नाही. मी म्हटलं, सुरुवात त्यानं केली. तिनं गोळीचं फडकं मागून घेतलं माझ्याकडून. म्हणाली, कुत्र्याचं रक्त लागलेली वस्तू अशी द्यायची नसते कुणाला.

सोमवार, १९ मे

सकाळी शेडमध्ये गेलो तर भांडं तापवून ठेवलेलं. आर्डिस उभी. जुन्या दातांच्या ब्रशनं तिनं गोळी स्वच्छ केली होती. माझ्या हातावर ठेवली, भिंग दिलं. म्हणाली, "खाच बघ."

खाचेत फोड आहे.

लाल डबा मी कुणाला देत नाही. कधीच दिला नाही.

तिनं मानेनं भांड्याकडे खूण केली. "ट्रेंट यायला अजून वेळ आहे," म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता.

ट्रेंटची गाडी फाटकातून आत येतेय. गोळी मी भांड्यात टाकली नाही, सदऱ्याच्या खिशात आहे. लाल डबाही बरोबर घेतलाय, गोळी माझ्याच पिस्तुलाची आहे हे त्याला पटावं म्हणून.