पिवळा पाना, लाल झारी

कोंडवाडी, ता. लांजा
रविवार, ९ मार्च २०२५

ती. दादास,
रसिकाचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. तुला फोन करून उपयोग नाही. चाळीस वर्षं बस डेपोतल्या इंजिनांनी तुझे कान नेले, आणि मोबाइलवर अंगठ्यानं लिहिलेलं तुला पत्र वाटत नाही. तेव्हा बसले वही घेऊन.

ह्यांचं तसंच चाललंय. मंगळवार, गुरुवार, शनिवार रत्नागिरी. सकाळी सहाला निघायचं, चार तास हे डायलिसिसच्या मशीनला आणि मी बाहेर बाकावर. घरी यायला तीन वाजतात. उरलेले दिवस अंगणवाडी. मदतनीस गोदा सांभाळून घेते म्हणून नोकरी टिकलीय. हे गाडीत एक शब्द बोलत नाहीत. मिरकरवाडा बंदराहून बर्फाचा टेम्पो चालवायचे तेव्हा तोंडाचा पट्टा बंद नसायचा, आठवतं ना? आता पुढच्या महिन्याचं काही काढलं की म्हणतात, पुढचं कुणी बघितलंय.

तू तुझी गाडी दिलीस, मी चालवते, म्हणून निभतंय. एसटीच्या धक्क्यांत ह्यांना नेणं शक्यच नाही. पण गेल्या शनिवारपासून स्टिअरिंगच्या पुढ्यात पिवळं काहीतरी पेटतं. मला ते उलथणं वाटलं. हे म्हणाले, पाना आहे, आणि खिडकीबाहेर बघत बसले. गाडी चालते नेहमीसारखीच. काय प्रकार आहे तो नीट लिही. खरं सांगू दादा, मला आता नव्या दिव्याकडे बघायचंसुद्धा त्राण नाही.

वहिनीला नमस्कार. कान गेले तरी लोभ जाऊ देऊ नकोस.

तुझी,
रसिका


नालासोपारा
१७ मार्च २०२५

चि. सौ. रसिका हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उलथणं! बाय गो, तुझ्या वहिनीला पत्र वाचून दाखवलं तर ती हसता हसता खोकायला लागली.

घाबरण्यासारखं नाही. पिवळा पाना म्हणजे आठवण. ऑइल बदलायची वेळ झाली, एवढंच तो सांगतो. त्याला ऑइल दिसत नाही, काळं झालंय की कमी झालंय हे कळत नाही. तो नुसते किलोमीटर मोजतो. दहा हजार झाले की पेटतो. म्हणून त्याच्यावर विसंबू नये. बॉनेट उघडून पिवळ्या कडीची पट्टी ओढायची, फडक्यानं पुसायची, परत घालून काढायची. दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसलं पाहिजे. हे गाडी थंड असताना, सपाट जागेवर. आणि येत्या रविवारी लांज्याला नेऊन ऑइल बदलून घे.

आता दुसरं, हे पाठ कर. लाल दिवा असतो, झारीचं चित्र आणि तोटीतून पडणारा थेंब. तो पेटला तर गाडी तिथल्या तिथे थांबवायची आणि चावी बंद. पुढच्या वळणापर्यंतसुद्धा जायचं नाही, इंजिन जागीच बसेल. आणि झारी दिसली म्हणून पाणी ओतू नकोस हो. तुझा भरवसा नाही, लहानपणी तू कंदिलात पाणी घातलं होतंस.

गाडीचं लिहिलंस, नवऱ्याचं लिहिलंस. स्वतःचं कधी लिहिणार? अभयरावांना नमस्कार. माया आहेच, ती वेगळी कळवायला नको.

तुझा,
दादा


कोंडवाडी
रविवार, ६ एप्रिल २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा पाना बरा झाला! शनिवारी सकाळी चावी फिरवली तर दिवा शांत झालेला. ऑइल बदलायला अजून जमलं नाही. लांज्याला गॅरेजवर रांग असते, सबंध रविवार जातो, आणि रविवारी घरात कपड्यांचा ढीग, ह्यांचं मोजूनमापून जेवण, पाण्याचं माप. पट्टीही बघायची राहिली. ह्या घरात काहीतरी आपोआप बरं झालं, मला तेवढंच पुरे.

माझं काय लिहू? रत्नागिरीच्या बाकावर बसल्या बसल्या झोप लागते. परवा सिस्टरनं हलवून उठवलं आणि मी तिला आई म्हणाले.

वहिनीच्या खोकल्याला अडुळशाचा पाला पाठवते. आठवण ठेवतोस तशी ठेव.

तुझी,
रसिका


नालासोपारा
१२ एप्रिल २०२५

चि. सौ. रसिका हिस,
आशीर्वाद.

आज थट्टा नाही. दिवा विझला असं म्हणू नये म्हणून तू ‘शांत झाला’ लिहिलंस, आईची शिकवण. पण बाय, गाडीतला दिवा आपोआप शांत होत नाही. कुणीतरी करतं. चावी फिरवून एक बटण दाबून धरलं की तो मोजणी शून्यावर आणतो आणि गप्प बसतो. ऑइल आहे तेच, जुनं. गाडीचं वय झालंय, ती ऑइल खाते.

घरात तुम्ही दोघंच. तू केलं नाहीस, हे उघड आहे. अभयरावांनी आयुष्यभर टेम्पो चालवला. त्यांना ऑइलविना इंजिनाचं काय होतं ते माझ्याइतकंच ठाऊक आहे. त्यांना विचार. रागावून नको, पण विचार. आणि पत्र मिळाल्या दिवशी पट्टी बघ. मला झोप लागत नाही.

दादा


कोंडवाडी
रविवार, ४ मे २०२५

ती. दीपकदादा यांस,
अभयचा शि. सा. न.

तुमचं १२ तारखेचं पत्र मला काल सापडलं. रसिकानं ते तांदळाच्या डब्याखाली ठेवलं होतं. तिनं मला काही विचारलं नाही. म्हणून उत्तर मीच देतो.

बटण मी दाबलं. गाडी एकदा बसली की रत्नागिरीच्या खेपा संपतील, मी सुटेन आणि तीही सुटेल, असं मनात धरलं होतं. तुमची गाडी, तुमच्या बहिणीचे कष्ट, कशाचीच चाड राहिली नव्हती. शरम वाटते लिहायला.

२९ तारखेला, मंगळवारी, अंजणारी घाट चढताना लाल झारी पेटली. मला वाटलं, झालं. पण तिनं त्याच क्षणी गाडी कडेला घेतली आणि चावी काढली. ट्रकवाले हॉर्न देत होते. थोडा वेळ थांबून तिनं पट्टी ओढली, पदरानं पुसली, परत घातली, काढली. पट्टी कोरडी. मग मला म्हणाली, बसून राहा, उन्हात उतरू नका. आणि चालू लागली. पेट्रोल पंप दोन किलोमीटरवर. वैशाखातलं ऊन, पायात ती झिजलेली चप्पल. मी काचेतून बघत होतो. सव्वा तासानं ऑइलचा डबा कमरेवर घेऊन आली, कळशी आणावी तशी. ओतलं, पट्टी बघितली, गाडी चालू केली. दिवा गेला. मग घड्याळ बघून म्हणाली, उशीर झाला तरी घेतील आपल्याला, मी सिस्टरना फोन केलाय.

दादा, एवढी दमलेली बाई मी कधी बघितली नाही, आणि दमवणारा मीच. त्या दिवशी मशीनला हात मी आपणहून पुढे केला.

आज गाडी लांज्याला नेतोय. चालवणार ती, बॉनेटखाली मात्र मी. जमलं तर ह्या मेहुण्याला पदरात घ्या.

तुमचा,
अभय


कोंडवाडी
सोमवार, ५ मे २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ह्यांचं पत्र मीच पेटीत टाकलं. शितानं चिकटवलं होतं, उघडलं नाही. त्यात काय असेल ते मला माहीत आहे, म्हणून माझंही ऐक.

ह्यांनी बटण दाबलं ते मी पडवीतून बघितलं होतं. तेव्हा अर्थ कळला नाही. तुझं पत्र आलं तेव्हा कळला. दादा, मी लगेच पट्टी बघायला धावले नाही. मी पत्र डब्याखाली ठेवलं. बंद पडू दे एकदाची, असं माझ्याही मनात आलं. एक दिवस नाही, बारा दिवस. ह्यांना मी कुठल्या तोंडानं विचारू? घाटात झारी पेटली तेव्हा मात्र हातानं आपणहून चावी फिरवली. मनाला विचारलंसुद्धा नाही. पंपाच्या रस्त्यावर मी रडले, ते ह्यांना दिसलं नाही.

काल रात्री दोघांनी एकमेकांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, म्हणजे आपण दोघंही बटण दाबून बसलो होतो. कितीतरी महिन्यांनी आम्ही हसलो. गोदाची बहीण शनिवारी ह्यांच्याबरोबर बसायला तयार आहे, तेव्हा एक खेप तरी मी बाकावर नसेन, गाडीतच आडवी होईन.

काल गॅरेजमध्ये ऑइल बदलून झाल्यावर पोरानं पुढच्या वेळेची चिठ्ठी चिकटवायला काढली. हे म्हणाले, दे इकडे, मी लिहितो. आठवड्याला दोनशे चाळीस किलोमीटर, तर दहा हजार कधी, असं बोटांवर मोजत बसले. मग चिठ्ठी गुडघ्यावर धरून लिहिली. मी बघितलं तर अक्षर वाकडं, पण वाचता येतं : ‘पुढचं ऑइल, फेब्रुवारी २०२६.’

वहिनीचा खोकला कसा आहे ते कळव. फेब्रुवारीत तुम्ही दोघं या.

तुझी,
रसिका