बाटलीतलं पेट्रोल

रविवार, दिवेलागणीची वेळ

टू-स्ट्रोक जिंकलं कसं? दुपारपासून डोक्यात तेच.

भाजी धरणापलीकडे न्यायला बोट घ्यायचं पक्कं झालंय, अडलंय इंजिनावर. दुकानदार म्हणतो, फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी पितं. आमच्या ह्यांना हवंय स्वस्तातलं टू-स्ट्रोक. म्हणून आज एकाच बोटीला दोन्ही इंजिनं आळीपाळीने लावली, टाकीऐवजी खुणा केलेली बाटली जोडली आणि पलीकडे जाऊन परत आलो. टू-स्ट्रोकच्या फेरीत बाटलीत जास्त उरलं! ह्यांची कॉलर ताठ. वाऱ्यामुळे झालं असेल? छे, पान हलत नव्हतं. मग?

आत्ता सासूबाई आल्या. भाच्याच्या मोटारसायकलवर, धरणाला अख्खा वळसा घालून, धुळीने माखून. पलीकडचं गाव त्यांचं माहेर. पहिल्या फेरीत त्या आमच्याबरोबर गेल्या आणि आल्या. दुसऱ्या, टू-स्ट्रोकच्या फेरीत मात्र पलीकडे उतरल्या त्या बहिणीकडेच थांबल्या.

त्यांना दारात बघितलं आणि एकदम ती बाटली आठवली. येताना बोट हलकी होती, पेट्रोल उरणारच! इतकं साधं, आणि कुणाच्याच लक्षात येऊ नये?

म्हटलं, "आई, तुम्ही तिकडे राहिलात म्हणून सगळा घोळ झाला. आता परत बघावं लागणार."

वाटलं, ओशाळतील. पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "मग बघा की. वजनाला मी हाय. पण एका दिवसात काय कळतंय? रोज जाऊन बघू."