दोन पायऱ्यांचा फरक

बाबा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण लोखंडी फाटकापाशी गर्दी दिसली की मी अजून रस्ता बदलते.

मामाने पुण्याहून आणलेल्या त्या जाड इंग्रजी पुस्तकातले, गोष्ट रचत खेळायच्या एका खेळाचे नियम तुम्ही ऑफिसच्या पाठकोऱ्या कागदांवर मराठीत उतरवले होते. बाभुळगावच्या भाड्याच्या घरात रविवारी दुपारी आपण दोघं खेळायचो. तुम्ही गोष्ट सांगायचात, मी त्यातली बुटकी लढवय्यी, आणि झटापटीचा निकाल वीस बाजूंच्या फाशावर. एकदा मी राक्षसाला दरीत ढकलायला निघाले, तर तुम्ही फासाच दिला नाही. "तो तुझ्याहून आकारानं एक पायरी मोठा असता तर झोंबता आलं असतं. त्याले दोन फासे, तुले एक, तरी जमलं असतं. हा दोन पायऱ्या मोठा आहे. इथं ताकद लावताच येत नाही." मी चिडले, "मग मी मरू का?" तुम्ही हसलात. "काहून मरशीन? दुसरं काही कर ना." मी नियमांचा तो कागदच फाडून टाकला.

त्याच वर्षी कापसाच्या हंगामात तुमच्या कापूस खरेदी केंद्रावर तीन दिवस मोजमाप बंद होतं. गाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत. आईने दिलेला डबा घेऊन मी मागच्या दाराने आत आले, आणि समोर फाटक वाकतंय. साहेब यवतमाळला गेलेले, उघडायचं नाही अशी ताकीद देऊन. तुम्ही आणि चौकीदार, दोघंच फाटकाला खांदा लावून उभे. बाहेरून ओरडा, "तीन दिस झाले, कायले बंद ठेवून राह्यले?" पुढचे किंचाळतायत, "मांगं सरा, मांगं सरा!" आणि मागचे रेटतच आहेत. अचानक तुम्ही खांदा काढता, कडीला हात घालता. मी ओरडते, "बाबा, उघडू नका! मारतील तुम्हाला!"

तुम्ही उघडलंत. लोंढा आत आला, तुम्ही खाली पडलात, आणि पडल्या पडल्या एका म्हाताऱ्याला सदऱ्याला धरून पायांखालून ओढून काढलंत. गजांवर दाबला जाऊन त्याचे ओठ काळेनिळे झाले होते. तो वाचला. तुमचा उजवा हात मात्र पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही, आणि हुकूम मोडला म्हणून केळापूरकडे बदली झाली. कुणी विचारलं तर तुम्ही एवढंच सांगायचात, "तिथं जोर लावून काही होणार नव्हतं."

हाताला प्लास्टर असताना तुम्ही मला एकदाच विचारलंत, "तुले तो म्हातारा दिसला होता का गं?" मी म्हणाले, "नाही बाबा, मी लांब होते." तुम्ही म्हणालात, "बरं झालं."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. मी तुमच्यामागे चार पावलांवर होते. त्याचा गाल गजांत रुतला होता, तोंड उघडं होतं, आवाज फुटत नव्हता, आणि तो माझ्याकडेच बघत होता. ते पाहिल्यावरच मी ओरडले, उघडू नका.