टूटूचा नमस्कार

पेंडल हिल,
१० ऑगस्ट २०२५

ती. जोॲनताईस,
मिल्ड्रेडचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू तुझ्या सोयीने ऐकतेस, म्हणून आपली पत्रंच बरी. बेन्सन हसतो. म्हणतो, सिडनीहून मेलबर्नला तिकीट लावून पत्र पाठवणारी माझी आई शेवटचीच. तुझ्या सुनेचा, मयूराचा मेसेज आला होता. तव्याने पुन्हा हात भाजून घेतलास म्हणे, आणि तुला पत्ताही नव्हता. लोखंडी हाताची आहेस हे मान्य, पण आता तरी फडकं वापर ग बाई.

काल बेन्सनचा साखरपुडा झाला. तुझी कंबर धरली नसती तर तू असतीस. नोहेआ फार गोड मुलगी आहे. त्याच्याच पॅरामॅटाच्या ऑफिसात आहे. मूळची हवाई बेटांवरची माणसं. तिची आजी पन्नास वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इथे आली. नोहेआला तिनेच वाढवलं. तिला सगळे टूटू म्हणतात, म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, पण केसांत फूल माळल्याशिवाय चर्चमध्ये मिस्साला येत नाही.

पुढचं लिहिताना दोन कागद फाडलेत. हा तिसरा.

दोन आठवड्यांपूर्वी त्या दोघी पहिल्यांदा आपल्याकडे जेवायला आल्या. मी आपल्या बाटली मसाल्याचं मटण केलं, सोबत मैद्याचे फुगे तळले. टूटूने चार फुगे खाल्ले आणि बोलता बोलता सांगितलं की तिच्या आजीला महारोग झाला होता. त्या काळी सरकार अशा माणसांना घरातून उचलून एका बेटाच्या टोकाला नेऊन सोडत असे. मागे उभा कडा, पुढे समुद्र. परत येणं नाही. टूटूची आई तिथेच जन्मली आणि जन्मल्याबरोबर तिला आईपासून काढून घेतलं, मग अनाथाश्रमात धाडलं. जाण्याआधी काही दिवस आईला ती काचेआडून दाखवत, एवढंच. हे सगळं तिने आवाज न उतरवता सांगितलं, आपण आजोबा रेल्वेत होते असं सांगतो तसं.

ताई, तुला आठवतं? महारोग्यांच्या सेवेसाठी त्याच बेटावर जाऊन राहिलेल्या पाद्रींवर मी सातवीत भाषण केलं होतं. शाळेतल्या सिस्टरांचे डोळे भरून आले होते आणि मला चांदीचं मेडल मिळालं होतं.

तर निघताना टूटू माझ्यासमोर आली. त्यांच्यात कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकून दोघांनी मिळून श्वास घ्यायची रीत आहे. तिने माझ्या खांद्यांवर हात ठेवले. आणि मी एक पाऊल मागे सरले, हात जोडले आणि म्हणाले की आमच्यात असाच नमस्कार करतात.

आमच्यात! चर्चमध्ये आल्तारासमोर सोडून मी हात कधी जोडलेत ग? आपल्याकडे कोणी आलं की आपण गळ्यात पडतो. ती गेल्यावर तिचा कप मी उकळत्या पाण्यात बुडवून ठेवला. मेडल मिळवलेल्या मुलीने.

एवढ्यावर संपलं असतं तर मी गप्प बसले असते. पण काल साखरपुड्याला त्यांचे चाळीसएक नातेवाईक आले. सगळे एकमेकांना कपाळं टेकवत होते, फादरना, बेन्सनला, शेजारच्या दीनानाथलासुद्धा. आणि माझ्यासमोर आले की प्रत्येक जण हातभर लांब उभा राहून नीट हात जोडे. लहान मुलंसुद्धा. टूटूनेही हात जोडले आणि हसली. आमच्या रीतीचा मान ठेवला म्हणून सगळ्यांना कौतुक. दीनानाथ मला चिडवत होता की आंटी, पुण्याचा मी आणि नमस्कार मात्र तुम्हाला! मी हसले. मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं.

आणि तरीही, ताई, विचारते. होणाऱ्या नातवंडांची भीती मनातून जात नाही. बेन्सनकडे विषय काढू का? नोहेआने एकदा रक्त तपासून घ्यावं, एवढंच सांगू का? त्याला राग येईल, कदाचित कायमचा. पण लग्न ऑक्टोबरात आहे. तू सांगशील तसं करीन.

रागाव, पण लिही. माया आटू देऊ नकोस.

तुझीच,
मिल्ड्रेड


वेरिबी,
१९ ऑगस्ट २०२५

चि. मिल्ड्रेड हिस,
अनेक आशीर्वाद.

बेन्सनकडे विषय काढू नकोस. हे आधी लिहिते, कारण तू पत्र अर्धं वाचून कामाला लागतेस. तो रोग रक्तातून उतरत नाही, कपातून येत नाही, आणि आता गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. कोण म्हणतं म्हणून विचारशील. मी म्हणते, आणि मला माहीत असायचं कारण आहे.

मी नववीत असताना वर्षभर नाशिकच्या मावशीकडे राहिले होते, असं तुला घरात सांगितलं होतं. नाशिकला आपली मावशी नव्हती, मिल्ड्रेड. तू दहा वर्षांची होतीस, म्हणून तू कधी हिशेब लावला नाहीस. माझ्या डाव्या दंडावर फिकट चट्टा आला होता. आई त्याला नायटा म्हणून लिंबू चोळत होती. मग करंगळी वाकायला लागली. पपांनी मला दूर सिस्टरांच्या इस्पितळात नेऊन ठेवलं आणि गावात नाशिक सांगितलं. ते दर महिन्याला येत. आई एकदाच आली, आणि फाटकापाशी उभी राहिली. आत आली नाही. मी तिच्याकडे धावत गेले, तेव्हा तिने डबा जमिनीवर ठेवला आणि मागे झाली. डब्यात फुगे होते.

परत आल्यावर पाच वर्षं गोळ्या घेतल्या. तुला सांगत असत की ताईचं रक्त कमी आहे. माझा हात लोखंडी नाही ग. त्या दोन बोटांना तेव्हापासून काही कळतच नाही. तुम्ही सगळे हसायचात, म्हणून मीही गरम पातेली उचलून दाखवायची. मार्टिनला मात्र लग्नाआधीच सांगितलं. तो म्हणाला की भाजलं की मला सांगत जा, तुझ्या वाटचं मी ओरडीन. देवमाणूस. गेला तो, आणि आता ओरडायला कोणी नाही, म्हणून मयूरा तुला मेसेज करते.

आता घाबरलीस का? परत आल्यावर तुझी वेणी मीच घालत होते. एका गोधडीत झोपलो. तुला काही झालं? तेव्हा मला रोज रात्री तीच भीती असायची, आणि तुझी पाठ मी तू झोपल्यावर तपासायची. तुझी भीती मला परकी नाही. म्हणून तुला शिव्या देत नाही.

आईला दोष देऊ नकोस. तीही रडतच परत गेली असेल. पण ते मागे सरलेलं पाऊल मला अजून दिसतं. टूटूलाही तुझं दिसलं असणार. अशी पावलं नजरेतून सुटत नाहीत.

हे कोणाला सांगू नकोस. माझ्या मुलालाही माहीत नाही. कंबर आता बरी आहे.

तुझी,
जोॲनताई


पेंडल हिल,
७ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
मिल्ड्रेडचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र घेऊन मी तीन रविवार चर्चला गेले आणि तसंच परत आणलं. तू नाशिकला गेलीस तेव्हा मी किती रडले होते, माहीत आहे? तुझ्या आठवणीने नाही. मला का नाही नेलं म्हणून. तिथे मावशीच्या झोपाळ्यावर तू बसली असशील असं मी मनात धरलं होतं आणि तू परत आल्यावर आठ दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. तुला वर्षाने घर दिसलं, आणि घरात मी फुगून बसलेली.

बेन्सनला काही बोलले नाही. काल टूटूकडे गेले.

तिने चहा केला. मी सरळ सांगितलं की आमच्यात अशी रीत नाही, मी खोटं बोलले, मी घाबरले होते. तिने साखर पुढे केली आणि म्हणाली की तिला ते त्याच दिवशी कळलं होतं. गोष्ट ऐकली की माणसं आधी तिच्या बोटांकडे बघतात, मग चेहऱ्याकडे. मीही तसंच केलं होतं म्हणे. मला वाटत होतं की नातेवाईकांना नमस्कार नोहेआने शिकवला. नाही, ताई. टूटूनेच सगळ्यांना घरी बसवून शिकवला. कोणी प्रेमाने पुढे आलं आणि मी पुन्हा मागे सरले, तर ते माझ्या मुलासमोर होईल. ते तिला नको होतं. चाळीस माणसांनी हात जोडले ते माझी लाज झाकायला, आणि हे तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. त्या माणसांना आजही वाटतं की ते माझा मान ठेवत होते.

तेव्हा माझ्या अगदी ओठांवर आलं होतं की माझ्या बहिणीलाही हा आजार झाला होता. एवढं म्हटलं असतं की मी तिच्या बाजूची झाले असते. बशीतल्या बिस्किटाकडे बघत मी ते गिळलं. तुझं एक वर्ष मी आधी हेव्यात घालवलं. ते आता माफी मिळवायला काढायचं, एवढी खाली मी अजून गेलेली नाही. पण किती जवळ गेले होते, ते तुला माहीत असू दे.

उठताना मीच कपाळ पुढे केलं. तिने माझ्या छातीवर तळहात ठेवून मला थांबवलं. अगदी हळू. म्हणाली की आज नको, आज मी माझं ओझं उतरवायला आले आहे आणि ती काही कन्फेशनची खिडकी नाही. मग दारापर्यंत सोडायला आली, गाडी नीट चालव म्हणाली आणि घरची केळी दिली.

लग्न ११ ऑक्टोबरला आहे. ये असं म्हणायला मला तोंड नाही. पण बेन्सन तुझं विमानाचं तिकीट काढून बसलाय, त्याला नाही म्हणायचं ते तूच म्हण.

तुझ्या मायेला पात्र नाही, तरी हक्काने मागते.

मिल्ड्रेड


वेरिबी,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. मिल्ड्रेड हिस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. मयूरा विमानतळावर घ्यायला आली होती, तुझ्या केकचा तुकडा तिने घरी येता येताच संपवला. बेन्सन सुटात पपांसारखा दिसत होता, फक्त जास्त जेवलेला.

तू विचारलं नाहीस, म्हणून सांगते. रिसेप्शनच्या वेळी मी आणि टूटू बाहेर बाकावर बसलो होतो. तू दोनदा चहा घेऊन आलीस आणि दोनदा चहा तसाच घेऊन परत गेलीस, ते आम्ही पाहिलं. मी तिला सांगितलं. माझ्या तोंडाने, माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये. पन्नास वर्षांत मार्टिननंतर तीच. ती हळहळली नाही. बाही वर कर म्हणाली. बोटाने चट्ट्याची जागा दाबून तिने विचारलं की कळतंय का. मी नाही म्हटलं. मग बोट थोडं वर सरकवलं, पुन्हा विचारलं. तिथे कळलं. आम्ही दोघी उगाचच हसत सुटलो. मग तिने विचारलं की त्या इस्पितळात जेवायला काय असायचं, आणि अर्धा तास आम्ही फक्त पातळ डाळीला नावं ठेवली. मुलाला या रविवारी सांगणार आहे. मयूराला आजच सांगितलं. तिने आधी फडकं आणून हातात दिलं.

आता तुझं. रात्री हॉलच्या दारात टूटू निघाली, तेव्हा तुझे हात साडीच्या पदराशी चाळा करत होते. ती तुझ्यासमोर येऊन नुसती उभी राहिली. ना हात जोडले, ना पुढे झाली. मागे गाडीवाला हॉर्न वाजवत होता, पोरं फुगे फोडत होती. मग तू पुढे झालीस.

तू डोळे मिटले होतेस, म्हणून तुला दिसलं नाही. तिने मिटले नव्हते. ती तुझ्या पायांकडे बघत होती. श्वास घेऊन झाला, तरी तुझे पाय होते तिथेच होते. तेव्हा कुठे तिने डोळे मिटले.

कंबर दुखतेय, पण ती नाचल्यामुळे. पुढचं पत्र जरा लवकर लिही.

तुझीच,
जोॲनताई