दाढेचं क्युरिंग

तीर्थरूप आप्पा,

तुमच्या पायावर गोरखचं डोकं. हैदराबादला मी ठीक हाय. फोनवर तुमाला नीट ऐकू येत न्हाई, म्हणून लिहितोय. सोनल कॉलेजातून आली की तिच्याकडून वाचून घ्या.

माझ्या किडक्या दाढेत डॉक्टरीणबाईंनी सिमेंट भरलं आन् त्यावर गरम दिवा धरला. म्हणाल्या, "गर्मी से क्युरिंग जल्दी होती है." मी चक्रावलोच. तुमी तर शिकवलंय, सिमेंटच्या ताज्या मालाला ऊन लागलं की तडा जातो, आन् क्युरिंग म्हंजे पाणी मारणं.

इतकी वर्षं तुमच्या हाताखाली गवंडीकाम केलं, मग खरं कुणाचं मानू? खोलीवर येऊन सांजभर तोंडात पाणी धरून बसलो. सकाळी वरच्या थराचा खडूगत भुगा!

बाई लई चिडल्या. हे सिमेंट उबेनं आवळतं, ओलं व्हतं तिथं बिघडतं म्हणे. पुन्हा भरलं. आता दुखत न्हाई, फक्त त्या बाजूनं चावत न्हाई. पण सिमेंटच हाय तर पाण्याला का भितं, हे मला अजून उमगलं न्हाई.

बेल्ह्याच्या आपल्या नव्या स्लॅबला पाणी कोण मारतंय? तुमी शिडी चढू नका.

सोनल म्हणते, हल्ली तुमी भाकरी दुधात कुस्करून खाता. दाढ दुखते का? मंचरला दाखवा. दिवा धरला तर धरू द्या.

उत्तर खरं लिहा. "ठीक हाय" नको. ते तर मीबी वर लिहिलंय.

तुमचाच
गोरख