गिअरबॉक्समधलं पाणी

विजयसिंहदादा,

नमस्कार लिवत न्हाय, राग गेलेला न्हाय अजून. दिवाळीत काजू आणाय तू माझी पिकअप आजऱ्याला नेलीस आन् आठ दिवसांत गिअर पडायचा बंद झाला. तवापास्नं माझा संशय तुझ्यावरच.

काल गोठ्याम्होरं मीच गिअरबॉक्स उतरवून खोलला. तेल सोडलं तर दुधाच्या चहागत. म्हंजे आत पाणी गेलेलं. मी बायकोला वरडून सांगितलं, "बघ, बंधाऱ्यावरच्या पाण्यातनंच घातली गाडी! लबाड हाय दादा."

ती म्हणाली, "आन् खंडेनवमीला तुमी बैल धुतल्यागत नदीत घालून धुतली, ती?"

बेअरिंगं बदलून गिअरबॉक्स परत चढवला. गिअर लोण्यागत पडतोय.

पण दादा, त्या दिवशी काठावर तूच हुतास की. "बाहीर काढ, पाणी शिरंल," म्हणून वरडलास पण. मग सगळ्या भावकीत मी तुला लबाड म्हणालो, तवा तोंड का उघडलं न्हाईस?

काय तरी डाव असंलच तुझा. तो कळंपतूर हे पत्र खिशातच ऱ्हाणार.

डाव नसला, तर मला तुझं पाय धराय यावं लागंल.

तुझा धाकटा भाऊ,
बाळासो, गारगोटी